काखमांजरी नव्हे, विदारिका : वारंवार फुटणाऱ्या एका लपविलेल्या व्याधीची ओळख व व्यवस्थापन

काखेत गाठ आली, ती पिकली, फुटली आणि बसली, की तिला आपल्याकडे 'काखमांजरी' म्हणतात. जांघेत आली तर 'अवधाण' किंवा 'बेंड', आणि मांडीच्या आतल्या बाजूस आली तर 'केसतूड'. ग्रामीण भागात चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्याने असे रुग्ण शेकड्यांनी पाहिले आहेत. लेप लावावा, पिकल्यावर भेदन करावे, चार दिवस व्रणोपचार करावेत आणि रुग्णास घरी पाठवावे, हा आपला परिपाठ. बहुतेक रुग्णांत तो पुरेसा ठरतो. मात्र याच गर्दीत काही रुग्ण असे असतात की ज्यांची गाठ बरी होत नाही, ती केवळ जागा बदलते. अशा रुग्णांविषयी आणि आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी प्रस्तुत लेखात लिहीत आहोत.

रुग्णवृत्त

कर्जत तालुक्यातील एका खेड्यातून सासूबाईंनी आपल्या सुनेस आमच्याकडे आणले. वय २९, विवाहास चार वर्षे. सासूबाईंची तक्रार सरळ होती. "डॉक्टर, चार वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. काय ते बघा." पाळी अनियमित, वजन वाढलेले, चेहऱ्यावर लव अधिक. आर्तवदुष्टीचे निदान लिहून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु नाडी पाहताना एक गोष्ट लक्षात आली. रुग्णा दोन्ही कोपर अंगाशी घट्ट धरून बसली होती आणि हात पुढे करतानाही खांदा उचलत नव्हती. भर वैशाखात, कर्जतचा पारा चाळिशीपार गेलेला असताना, तिने दोन पदरी जाड कपडे घातले होते.

सासूबाईंना बाहेर बसवून, परिचारिकेस सोबत घेऊन विचारले, तेव्हा बराच वेळ उत्तर आले नाही. मग ती एवढेच म्हणाली, "त्याचं काही नाही, ते होतंच असतं." दोन्ही काखांत दोरीसारखे जाड व्रणवस्तू, त्यांमधून पाझरणारी तीन मुखे, काळे ठिपके आणि एक ताजी, लाल, स्पर्श सहन न होणारी गाठ. जांघेतही तेच. विसाव्या वर्षी सुरुवात झाली होती, म्हणजे नऊ वर्षे. या काळात वेगवेगळ्या ठिकाणी चार वेळा भेदन झाले. एके ठिकाणी कोणतीही तपासणी न करता सहा महिने क्षयरोगाची औषधे दिली गेली. स्राव व दुर्गंधी यांमुळे विवाहानंतर ती पतीपासून दूरच राहिली होती. पाळणा न हलण्याचे एक मोठे कारण हे होते, आणि ते घरात कोणासही ठाऊक नव्हते.

जुने कागद दाखवा म्हटल्यावर तिने पिशवीतून काढलेल्या कागदांत एक कागद आमच्याच चिकित्सालयाचा निघाला. सहा वर्षांपूर्वी, ती खालापूर तालुक्यातील माहेरी असताना, आमच्याकडे येऊन गेली होती. कागदावर आमच्या अक्षरात लिहिले होते : 'दक्षिण कक्षा विद्रधी. भेदन केले. व्रणोपचार. पुनश्च आवश्यकता नाही.' त्या दिवशी आम्ही दुसरी काख पाहिली नव्हती. पूर्वी असे झाले होते का, हेही विचारले नव्हते. विचारले असते तर तिची सहा वर्षे वाचली असती की नाही, हे सांगता येणार नाही. पण निदान त्या दिवशी झाले असते, एवढे नक्की. रुग्णेच्या संमतीने व ओळख झाकून हे वृत्त येथे देत आहोत.

हा व्याधी कोणता

आधुनिक वैद्यकात यास 'हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा' असे नाव आहे. १८३९ मध्ये वेल्पो या फ्रेंच शल्यचिकित्सकाने काख, स्तनाखालील भाग व गुदपरिसर येथील अशा विद्रधींचे वर्णन केले, आणि पुढे व्हर्नय या दुसऱ्या फ्रेंच शल्यज्ञाने त्याचा संबंध स्वेदग्रंथींशी जोडला. नावाचा अर्थ 'स्वेदग्रंथींचा पूययुक्त शोथ' असा होतो. परंतु हे नाव आता चुकीचे ठरले आहे. आजच्या समजुतीप्रमाणे व्याधीचा आरंभ स्वेदग्रंथीत नव्हे, तर लोमकूपात होतो. लोमकूपाचे मुख बंद होते, आत मळ साचतो, कूप फुगून त्वचेखाली फुटतो आणि त्याभोवती शरीराची रोगप्रतिकारशक्ती अतिरेकी शोथ निर्माण करते. हा शोथ वारंवार होऊन त्वचेखाली बोगदे तयार होतात. म्हणजे हा मूलतः जंतुसंसर्ग नाही. तो अस्वच्छतेने होत नाही आणि एकापासून दुसऱ्यास लागतही नाही. ही तीन वाक्ये रुग्णाच्या घरच्यांस स्वतः सांगावीत. अनेकदा पहिल्या औषधापेक्षा त्यांचाच गुण अधिक येतो.

व्याधी बहुधा तारुण्यागमनानंतर, विशीच्या आसपास सुरू होतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात तो आढळतो. २०१० मध्ये चिनी कुटुंबांच्या अभ्यासातून काही रुग्णांतील जनुकीय दोषही सापडला. युरोप-अमेरिकेत स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारे तिप्पट दिसतो, तर जपान व कोरियात पुरुषांत अधिक. स्थौल्य व धूम्रपान यांच्याशी त्याचा संबंध स्पष्ट आहे. मधुमेह, बीजकोशातील ग्रंथींमुळे होणारा पाळीचा विकार, आंत्रातील क्रोन्स व्याधी, संधिशोथ आणि विषाद हे त्याचे सोबती आहेत. पाश्चात्य देशांतही पहिल्या गाठीपासून योग्य निदानापर्यंत सरासरी सात ते दहा वर्षे जातात. आमच्या रुग्णेची नऊ वर्षे त्यात बसतात. मात्र यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

संहितांमध्ये शोध

एखादे आधुनिक नाव समोर आले की त्यास संहितेतील एक नाव चिकटवून मोकळे होण्याची घाई आपण करू नये, असे आमचे नम्र मत आहे. या व्याधीच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेल्या आहेत.

सुश्रुत निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांमध्ये 'विदारिका' सांगितली आहे. विदारीकंदाप्रमाणे गोल, लालसर, काख व वंक्षण यांच्या संधींत होणारी, सर्व दोषांची लक्षणे असणारी. स्थान व स्वरूप दोन्ही जुळतात. म्हणून गाठीच्या अवस्थेस आम्ही विदारिका हे नाव वापरतो. त्याच अध्यायातील 'कक्षा' ही दाहयुक्त कृष्णवर्ण स्फोटांची पित्तज अवस्था असून ती नागिणीशी अधिक जुळते. 'अग्निरोहिणी' ही ज्वरयुक्त व प्राणघातक होय. काखेत होते एवढ्यावरून या तिघींची गल्लत करू नये. गाठ पिकू लागल्यावर विद्रधी, आणि बोगदे झाल्यावर नाडीव्रण हीच योग्य संज्ञा. पक्व शोथास अपक्व समजून दुर्लक्षिल्यास पूय आत शिरतो व नळीप्रमाणे मार्ग करीत जातो, हे दहाव्या अध्यायातील नाडीव्रणाचे वर्णन या बोगद्यांस तंतोतंत लागू पडते.

संप्राप्तीच्या दृष्टीने चरक विमानस्थानाचा पाचवा अध्याय पाहण्याजोगा आहे. स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद व लोमकूप असे तेथे म्हटले आहे. अतिव्यायाम, अतिसंताप, शीत-उष्णाचे क्रमरहित सेवन, तसेच क्रोध, शोक व भय ही त्यांच्या दुष्टीची कारणे. मेद आणि लोमकूप ही दोन मुळे एकत्र सांगितलेली पाहून आजच्या स्थौल्य व लोमकूपरोध या निष्कर्षांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि आपल्या पूर्वसूरींस हा व्याधी आजच्या रूपात ठाऊक होता, असा दावा त्यावरून करू नये. चिकित्सेची दिशा मिळते, एवढे पुरे. कफ-मेदाचा अवरोध, पित्त-रक्ताचा पाक आणि जीर्णावस्थेत वाताने केलेले विदारण व काठिण्य अशी साखळी आम्ही धरतो.

निदान : तीन प्रश्न व एक कृती

निदानासाठी महागडी तपासणी लागत नाही. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, विशिष्ट स्वरूप : खोल, दुखरी गाठ, पाझरणारी मुखे, दोरीसारखे व्रणवस्तू आणि जोडीने असणारे काळे ठिपके. दुसरी, विशिष्ट स्थान : काख, जांघ, स्तनाखाली, गुदपरिसर, नितंब. तिसरी, पुनरावृत्ती : सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा. या तिन्ही असतील तर निदान झाले असे समजावे. कृती एकच. काखेतील प्रत्येक विद्रधीच्या रुग्णाची दुसरी काख पाहावी आणि जांघेविषयी विचारावे.

तीव्रतेसाठी १९८९ मध्ये हर्ली यांनी मांडलेल्या तीन श्रेणी सोप्या व उपयुक्त आहेत. केवळ गाठी, बोगदे वा व्रणवस्तू नाहीत, ती पहिली. पुनःपुन्हा होणाऱ्या, एकमेकींपासून दूर असलेल्या गाठी व त्यांसोबत बोगदे, ती दुसरी. संपूर्ण भाग एकमेकांस जोडलेल्या बोगद्यांनी व्यापलेला, ती तिसरी.

सापेक्ष निदानात आपल्या भागात क्षयजन्य ग्रंथीचा विचार अवश्य करावा. सायंकाळी ज्वर, वजन घटणे, मानेत गाठी, घरात क्षयरुग्ण असे काही असल्यास सरकारी केंद्रातील विनामूल्य तपासणी करून घ्यावी. तपासणीविना क्षयाची औषधे सुरू करू नयेत, आणि तपासणीविना क्षय नाही असेही ठरवू नये. गुदाजवळील मुख असल्यास भगंदर, सोबत अतिसार व रक्तस्राव असल्यास क्रोन्स व्याधी, आणि जांघेत व्रण असल्यास लैंगिक संसर्ग यांचाही विचार करावा. प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा, रक्तातील हिमोग्लोबिन व वजन यांची नोंद ठेवावी.

अवस्थानुसार चिकित्सा

आम अवस्था. गाठ नवी, कठीण व दुखरी असताना भेदन करू नये. सुश्रुत सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात अपक्व शोथ कापणारा व पक्वाची उपेक्षा करणारा अशा दोन्ही वैद्यांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना आहे, ती आपण सर्वांनी पाठ केलेली आहे. मात्र गर्दीच्या वेळी तीच विसरली जाते. या अवस्थेत दशांग लेप किंवा लेपगुटी, त्वचा फुटलेली नसेल तरच, पातळ थरात लावावी व वाळण्यापूर्वी धुवावी. पोटातून त्रिफळा गुग्गुळ ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा व महामंजिष्ठादी काढा देतो. मेदाचे प्राबल्य असल्यास कांचनार गुग्गुळ. जलौकावचरणाने वेदना व तणाव लवकर उतरतो, असा आमचा अनुभव आहे. परंतु जळू एका रुग्णास एकदाच वापरावी. पांडुरोग, मधुमेह अनियंत्रित असणे, रक्त पातळ करणारी अथवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणे, या स्थितींत ती लावू नये. जळूच्या आतड्यातील जंतूंमुळे गंभीर संसर्ग होऊ शकतो. कातकरी व ठाकूर वस्त्यांवरील अनेक स्त्रिया मुळातच पांडुरोगी असतात, तेव्हा हिमोग्लोबिन पाहिल्याविना रक्तमोक्षणाचा विचारही करू नये.

पक्व अवस्था. पूय भरून रुग्ण तळमळत असेल तर भेदन करून वेदना थांबवावी. ते त्याचे हक्काचे आहे. मात्र भेदन ही या व्याधीची चिकित्सा नव्हे. केवळ चीर देऊन पूय काढल्यास त्याच जागी गाठ पुन्हा येते, हे आता सर्वमान्य आहे. म्हणून कागदावर 'पुनश्च आवश्यकता नाही' असे लिहू नये. 'पुनश्च अवश्य यावे' असे लिहावे. स्थानाचेही भान ठेवावे. काखेत कक्षधर, वंक्षणात विटप व ऊरुमूलात लोहिताक्ष ही मर्मे आहेत. आधुनिक शारीराच्या भाषेत, हात व पाय यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या व नाड्या तेथून जातात. वरवरच्या पूयासच हात घालावा.

नाडीव्रण अवस्था. येथे चिकित्सेचा कस लागतो. सुश्रुत चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात कृश, दुर्बल व भीरू रुग्णांच्या, तसेच मर्माश्रित नाडीसाठी क्षारसूत्र सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशी हिंदू विश्वविद्यालयात या उपक्रमाचे पुनरुज्जीवन झाले आणि भगंदरात त्याची उपयुक्तता भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या बहुकेंद्रीय अभ्यासात दिसून आली. परंतु भगंदराचा निष्कर्ष या व्याधीस जसाच्या तसा लावता येत नाही. भगंदरात बहुधा एक मार्ग असतो, येथे जाळे असते. एकच, उथळ, दोन्ही मुखे सापडणारी नाडी असेल तर शल्यतंत्रातील पदव्युत्तर वैद्यांकडून क्षारसूत्र करून घ्यावे. आधुनिक शल्यचिकित्सेत बोगद्याचे छत उघडून तळ भरू देण्याची पद्धत आहे. तिचे तत्त्व आपल्या पाटन-शोधन-रोपण क्रमाहून वेगळे नाही. तिसऱ्या श्रेणीत संपूर्ण भाग काढून त्वचारोपण करावे लागते. आम्ही स्वतः बी.ए.एम.एस. आहोत, शल्यतंत्रातील पदव्युत्तर पदवी आमच्याकडे नाही. म्हणून नाडीस आम्ही हात लावीत नाही, योग्य ठिकाणी पाठवितो.

व्रणोपचार. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. खेड्यातील रुग्णास त्यांतील तीन-चार नित्य जमले तरी पुष्कळ झाले. त्रिफळा किंवा पंचवल्कल क्वाथाने प्रक्षालन, शोधन झाल्यावर जात्यादी तैल वा घृताची पिचू, आणि शोषून घेणारी पट्टी. पट्टी विकत घेणे परवडत नसल्यास जुने सुती कापड उकळून, कडक उन्हात वाळवून वापरावे. पावसाळ्यात मात्र आपल्याकडे दोन-दोन महिने कापड वाळत नाही. ओलसर पट्टी ही न बांधलेल्या पट्टीपेक्षा वाईट. त्या दिवसांत चुलीवरील उतरंडीजवळ वाळवलेले किंवा इस्त्री केलेले कापड वापरण्यास आम्ही सांगतो.

शोधन व शमन. बलवान रुग्णास ऋतूनुसार वसंतात वमन व शरदात विरेचन उपयोगी पडते. बल नसलेल्या मजुरास शोधनाचा आग्रह धरू नये. मृदू अनुलोमन पुरते. शमनार्थ पंचतिक्त घृत गुग्गुळ, गंधक रसायन २५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा व खदिर यांचा आम्ही क्रमाने उपयोग करतो. चरकाने खदिरास कुष्ठघ्न द्रव्यांत श्रेष्ठ म्हटले आहे. याच खैरापासून कात काढणाऱ्यांना कातकरी हे नाव पडले आणि आज त्यांच्याच वस्तीत खदिराचा काढा समजावून सांगावा लागतो, हा काळाचा महिमा. पारद, ताम्रयुक्त रसौषधी दीर्घकाळ देताना यकृत व वृक्क यांच्या तपासण्या कराव्यात. गर्भधारणेची इच्छा असणाऱ्या स्त्रीस ती देऊ नयेत, गुग्गुळकल्पही गर्भ राहताच थांबवावेत.

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, या व्याधीवरील आयुर्वेदीय चिकित्सेस आधार आहे तो मुख्यतः एकेका रुग्णाच्या वृत्तांताचा. हा व्याधी स्वभावतःच वाढतो व उतरतो. उतरण्याच्या काळात दिलेले कोणतेही औषध गुणकारी वाटते. म्हणून 'समूळ नाहीसा करतो' अशी भाषा आपण कोणीही वापरू नये.

पथ्य : सांगण्यापूर्वी विचार

दही, मासे, मीठ, आंबट वर्ज्य अशी यादी लिहून देणे सोपे आहे. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्याकडील गरीब घरात सुकट व बोंबील हाच प्रथिनांचा आधार असतो. तो काढून घेताना त्या जागी मूग, कुळीथ, अंडे यांपैकी काय देणार, हे ठरवूनच वर्ज्य सांगावे. नाचणीची भाकरी, टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या, ताक व मूग यांवर भर द्यावा. साखरेचा चहा दिवसातून सहा-सात वेळा घेणाऱ्यांनी तो दोनवर आणावा, बेकरीचे पदार्थ व शीतपेये सोडावीत. स्थूल रुग्णाने वजन उतरविणे व धूम्रपान सोडणे ही दोन निदानपरिवर्जने सर्व कल्पांहून मोलाची आहेत.

विहाराविषयी स्थानिक जीवन लक्षात घ्यावे. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून दिवसभर काम, वीटभट्टीवरील ताप व डोक्यावरची ओझी, खोपोली व रसायनी परिसरातील कारखान्यांत जाड गणवेश, कर्जत-मुंबई लोकलमध्ये वर कडी धरून दोन तासांचा उभ्याने प्रवास. या सर्वांत काख व जांघ घासली जाते. सैल सुती कपडे, घाम आल्यावर घासून न पुसता टिपून घेणे, वस्तऱ्याने केस न काढणे, गाठ न पिळणे, तीव्र सुगंधी फवारे न मारणे, इतके सांगितले तरी त्रास कमी होतो.

केव्हा पाठवावे, कोठे थांबावे

पुढील स्थितींत रुग्णास विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञ वा शल्यचिकित्सकाकडे पाठवावे : ज्वरासह पसरणारी लाली, दुसऱ्या वा तिसऱ्या श्रेणीचा व्याधी, गुद वा मूत्रमार्गाशी संबंध, गर्भिणी, अनियंत्रित मधुमेह, आणि आत्मघाताचे विचार. नितंब व गुदपरिसरातील अनेक वर्षांच्या व्रणात मांसांकुर वाढू लागले, कडा कठीण झाल्या, तर व्रणाचा तुकडा तपासण्यास पाठवावा. जुन्या व्रणात, विशेषतः पुरुषांत, कर्करोग उद्भवल्याची उदाहरणे आहेत.

आधुनिक चिकित्सेची रूपरेषाही आपणांस ठाऊक असावी. सौम्य व्याधीत क्लिंडामायसिनचा बाह्य लेप, मध्यम व्याधीत डॉक्सिसायक्लिन, आणि तीव्र व्याधीत जैविक औषधे. यांपैकी अडालिमुमॅब यास अमेरिकेत या व्याधीसाठी २०१५ मध्ये, सेक्युकिनुमॅब यास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अडालिमुमॅबचा भारतीय प्रतिरूप डिसेंबर २०१४ मध्येच बाजारात आला होता, तरी रोजंदारीवरील माणसास तो आजही जड जातो. जैविक औषधांपूर्वी सुप्त क्षयाची तपासणी अनिवार्य आहे. रिफाम्पिसिन काही ठिकाणी या व्याधीत दिले जाते, तेव्हा आधी क्षय नाही याची खात्री हवी. एरवी औषधप्रतिरोधी क्षयाचे संकट ओढवू शकते. तज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे आपल्या सांगण्याने रुग्णाने बंद करू नयेत. शस्त्रकर्माचा खर्च शासकीय आरोग्य योजनेत बसतो काय, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे.

समारोप

आमच्या रुग्णेस येथे येऊन आता चौदा महिने झाले. पहिल्या भेटीत आम्ही कोणतेही औषध लिहिण्यापूर्वी जुना कागद तिच्यासमोर ठेवून चूक आमची होती असे सांगितले. तिने कागद घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवला आणि विचारले, "म्हणजे हे माझ्या अंगाच्या घाणीनं नाही ना?" नऊ वर्षांत हा प्रश्न तिने कोणासही विचारला नव्हता.

क्षयाची तपासणी करून तो नसल्याची खात्री केली. त्वचारोगतज्ज्ञांनी तीन महिने डॉक्सिसायक्लिन दिले. तेवढ्या काळात गर्भ राहू नये, हेही पतिपत्नींस समजावून सांगितले. उजव्या काखेतील बोगद्याचे छत मुंबईतील शासकीय रुग्णालयात उघडण्यात आले आणि त्यानंतरचा सारा व्रणोपचार आमच्याकडे झाला. सोबत शमन औषधे, पथ्य व वजनाची नोंद. वजन सहा किलो उतरले, पाळी पुष्कळशी नियमित झाली. गाठी अद्याप येतात, मात्र महिन्यात दोन-तीन येत असत त्या जागी आता दोन-तीन महिन्यांतून एखादी येते, व ती पिकण्यापूर्वीच ती आमच्याकडे येते. डाव्या जांघेतील नाडी तशीच आहे. व्याधी बरा झाला असे आम्ही म्हणत नाही.

सासूबाईंना आम्ही सांगितले, "मावशी, हा लागणारा रोग नाही. एका पंगतीत जेवा, एका दोरीवर कपडे वाळवा." त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग पोरीनं इतकी वर्षं सांगितलं का नाही?" याचे उत्तर आमच्यापाशी होते. सांगण्यासारखे विचारणारे कोणी भेटले नव्हते, आणि जे भेटले त्यांत आम्हीही होतो. गेल्या खेपेस ती पतीसोबत आली. या आषाढात, कित्येक वर्षांनी प्रथमच, पूर्ण लावणी हाताने केली, असे तिने आपणहून सांगितले.

वैद्यबंधु-भगिनींनी आपल्या जुन्या रुग्णपत्रकांतून काख व जांघेतील विद्रधीच्या नोंदी एकदा काढून पाहाव्यात, अशी विनंती आहे. एकच नाव दोनदा आढळले तर त्या रुग्णास निरोप पाठवून बोलवावे. आम्ही ते काम सुरू केले आहे. आपले अनुभव, विशेषतः जेथे गुण आला नाही असे अनुभव, या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावेत.